उजेडाच्या वाटपाचे गणित

रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा उतरवून त्या जागी पांढरा एलईडी दिवा चढवण्याची देशव्यापी मोहीम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम या नावाच्या या योजनेत पुढील दहा वर्षांत १ कोटी ३० लाखांहून अधिक दिवे बदलले गेले. त्याच दिवशी आरंभ झालेल्या घरगुती दिव्यांच्या योजनेचे यश तर अधिकच डोळ्यांत भरणारे आहे. एका एलईडी दिव्याचा सरकारी खरेदीचा दर २०१४ साली ३१० रुपये होता. तो केवळ घाऊक मागणीच्या बळावर २०१६ साली ४० रुपयांच्या खाली आला. सरकार हे मोठे गिऱ्हाईक आहे आणि मोठ्या गिऱ्हाइकाने मनावर घेतले तर बाजार वाकतो, हे या निमित्ताने सिद्ध झाले. या यशाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्याचा जो हिशेब लोकांपुढे मांडला जातो, तो तपासून पाहण्यासारखा आहे. किती दिवे बसले, किती युनिटे वाचली, किती कोटी रुपये वाचले, किती कोळसा जळायचा राहिला, असे आकडे त्यात असतात. बदललेल्या दिव्याचा किती प्रकाश रस्त्यावर पडला आणि रस्त्याच्या कोणत्या भागावर पडला, हा रकाना त्यात सहसा आढळत नाही.

अर्थशास्त्राला ही उणीव अपरिचित नाही. विल्यम नॉर्डहाउस यांनी १९९०च्या दशकात प्रकाशाच्या किमतीचा इतिहास लिहिला तेव्हा मेणबत्ती, तेलाचा दिवा, गॅसबत्ती आणि विजेचा दिवा यांच्या किमती शेजारीशेजारी मांडून भागणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ग्राहकाला हवा असतो तो उजेड. दिवा हे त्याचे साधन. तेव्हा किंमत मोजायची ती उजेडाच्या एककाची. हाच विचार रस्त्याला लावला की आणखी एक पाऊल पुढे टाकावे लागते. दिव्यातून बाहेर पडलेला सगळाच प्रकाश रस्त्याच्या उपयोगी पडत नाही. काही समोरच्या घराच्या खिडकीत शिरतो, काही आकाशात जातो, काही वाहनचालकाच्या डोळ्यांत जाऊन त्याला दिपवतो आणि बराचसा खांबाच्या पायथ्याशी साचून राहतो. नगरपालिका वीजबिल भरते ते मात्र या सगळ्याचे.

वास्तविक पाहता एलईडीची खरी बाजी दिशेमध्येच आहे. चांगला उच्चदाब सोडियम दिवाही दर वॅटला शंभराच्या आसपास ल्युमेन देत असे. कार्यक्षमतेच्या नुसत्या आकड्यात तो फारसा मागे नव्हता. परंतु तो चोहीकडे प्रकाश फेकणारा होता आणि पाठीमागच्या पत्र्याकडून त्याला खाली वळवताना मोठा हिस्सा वाया जाई. एलईडीची इवलीशी चकती फक्त समोरच्या अंगाला प्रकाश देते. त्या प्रकाशाला भिंग लावून हवे तिकडे वळवणे शक्य आहे. शक्य आहे म्हणजे ते आपोआप घडते असे नव्हे.

खांबाखाली दिवाळी, मध्ये अमावास्या

एक साधा हिशेब करून पाहावा. दिव्याचा खांब ९ मीटर उंच आहे आणि पुढचा खांब सुमारे ३१ मीटरवर आहे. दोन खांबांच्या बरोबर मध्ये असलेली जागा दिव्यापासून पाहिली असता सरळ खालच्या रेषेशी जवळजवळ ६० अंशांचा कोन करते. या दिशेने जाणाऱ्या किरणाला खांबाखालच्या जमिनीच्या दुप्पट अंतर तोडावे लागते. म्हणून पोचणारा प्रकाश चौथा हिस्सा उरतो. तो तिरपा पडत असल्यामुळे दुप्पट जागेवर पसरतो. म्हणून आठवा हिस्सा उरतो. शिवाय उघडी एलईडी ६० अंशांच्या दिशेला सरळ खालच्या निम्माच प्रकाश देते. शेवटी सोळावा हिस्सा पदरी पडतो. शेजारच्या खांबानेही तेवढीच मदत केली असे धरले तरी मधल्या जागेला खांबाखालच्या एक अष्टमांश उजेड मिळणार. त्या काळोख्या पट्ट्यातला खड्डा किंवा तेथून घरी निघालेली पादचारी स्त्री खांबाखालच्या लखलखाटातून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वेळेवर दिसत नाही. सरासरी मात्र झकास येते.

तेव्हाच्या भारतीय मानक संस्थेने १९७० साली सार्वजनिक रस्त्यांच्या प्रकाशयोजनेचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात ही गोष्ट ध्यानात घेतलेली होती. मानकाचा क्रमांक १९४४ आहे. त्याचा त्या सालाशी संबंध नाही, एवढे सांगितलेले बरे. अत्यंत वर्दळीच्या मुख्य रस्त्याला सरासरी ३० लक्स प्रकाश असावा, एवढे सांगून ते मानक थांबत नाही. सर्वांत अंधाऱ्या जागेचा प्रकाश सरासरीच्या किमान चार दशांश असला पाहिजे, असेही ते बजावते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अट ओळखीची वाटेल. दरडोई उत्पन्न किती, एवढे विचारून देशाची स्थिती कळत नाही. वाटप कसे, हेही विचारावे लागते.

वरच्या उदाहरणातला रस्ता सारखा उजळायचा असेल तर ६० अंशांच्या दिशेला सरळ खालच्या चौपट प्रकाश गेला पाहिजे, तोही शेजारचा दिवा निम्मा भार उचलतो आहे असे धरून. उघडी एलईडी देते निम्मा. ही आठपटीची तफावत वॅट वाढवून भरून निघत नाही, कारण वॅट वाढवले की खांबाखालचा प्रकाशही त्याच पटीत वाढतो. ती भरून काढते चकतीवर बसवलेले बोटाच्या पेराएवढे पारदर्शक प्लास्टिकचे भिंग. रस्त्याच्या दिव्यातील असे भिंग निरखून पाहिले तर ते पुष्कळदा भुईमुगाच्या शेंगेसारखे, दोन बाजूंना फुगीर आणि मध्ये दबलेले दिसते. मध्यावरचा प्रकाश उपसून दोन्ही अंगांना सारण्यासाठी तो आकार दिलेला असतो. गोल भिंगाची ही भूमिती नव्हे. दुर्बिणीच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला वस्तूची हुबेहूब प्रतिमा उमटवायची असते. दिव्याच्या भिंगाला प्रतिमा उमटवायचीच नसते. त्याचे काम केवळ वाटपाचे आहे. म्हणूनच शंभर-दीडशे वर्षांचे परिपक्व प्रतिमाशास्त्र येथे अपुरे पडते आणि निराळ्या गणिताचा आधार घ्यावा लागतो.

मातीचा ढीग आणि प्लायवूडचा कारखाना

आकार दिला असता प्रकाश कोठे पडेल, हे काढणे तत्त्वतः सोपे आहे. संगणकावर लाखो किरण सोडायचे, प्रत्येकाला वक्रीभवनाच्या नियमाने वळवायचे आणि जमिनीवर कोठे किती पडले ते मोजायचे. ही रीत भरवशाची पण खर्चिक. अचूकता दहापट वाढवायची तर किरण शंभरपट सोडावे लागतात. त्यातून उत्तर आले की भिंग थोडे बदलायचे आणि पुन्हा किरण सोडायचे. असे शेकडो वेळा करून कुशल अभियंता ठीकठाक भिंगापर्यंत पोहोचतो. पण खरा प्रश्न उलटा आहे. प्रकाश कोठे किती हवा ते ठरलेले आहे. तर आकार कोणता? या उलट्या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने आले ती वाट अर्थशास्त्राच्या वर्गातून जाते, आणि हे अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने १७८१ साली एक प्रश्न मांडला. तटबंदी बांधताना एका जागची माती खणून दुसऱ्या जागच्या भरावात घालायची असते. कोणते ढेकूळ कोठे न्यावे म्हणजे एकूण वाहतूक कमीत कमी होईल? प्रश्न दिसायला मजुरांच्या मुकादमाचा. सोडवायला अतिशय अवघड. तो दीडशेहून अधिक वर्षे जवळपास तसाच पडून राहिला. पुढे १९३८ साली लेनिनग्राडमधील सव्वीस वर्षांचे गणिताचे प्राध्यापक लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूड उद्योगाची माणसे एक अडचण घेऊन आली. ओंडके सोलून पातळ पत्रे काढणारी आठ यंत्रे आहेत, लाकडाचे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग निराळा आहे. तर कोणते लाकूड कोणत्या यंत्रावर चढवावे? कांतोरोविच यांनी १९३९ साली छोट्या पुस्तिकेच्या रूपाने जे उत्तर दिले, त्यातून लिनियर प्रोग्रॅमिंगचा पाया घातला गेला. १९४२ साली त्यांनी वस्तुमान हलवण्याचा सर्वसाधारण सिद्धांत लिहिला आणि १९४८ साली, आपला प्रश्न आणि मोंजचा प्रश्न एकाच कुळातले आहेत, हे त्यांनी एका टिपणात नोंदवले. याच कार्यासाठी १९७५ साली त्यांना त्यालिंग कूपमान्स यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कांतोरोविच यांच्या पद्धतीचे मर्म असे की, वाटपाचा प्रश्न सोडवताना प्रत्येक साधनाला आपोआप एक मूल्य चिकटते. त्या जागी आणखी एक मात्रा उपलब्ध झाली तर एकूण फायदा किती वाढेल, हे ते मूल्य सांगते. अर्थशास्त्रात त्याला छायाकिंमत म्हणतात. समाजवादी रशियात किंमत हा शब्दच संशयास्पद असल्यामुळे कांतोरोविच यांना बरेच सोसावे लागले. त्यांचा मोठा ग्रंथ छापून यायला १९५९ साल उजाडले.

आता हाच विचार दिव्याकडे न्यावा. मोटारीच्या जुन्या दिव्यात असे तसा परवलयाकार आरसा आपल्या नाभीपाशी ठेवलेल्या दिव्याचे सगळे किरण एकाच दिशेला पाठवतो. रस्त्याचे हजार तुकडे कल्पावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या दिशेला तोंड करून एकेक परवलयाकार आरसा दिव्याभोवती मांडावा. दिव्यातून निघालेला किरण सर्वांत आधी ज्या आरशाला भेटेल, त्या तुकड्याच्या वाट्याला तो गेला. एखाद्या तुकड्याला मागणीपेक्षा कमी प्रकाश मिळत असेल तर त्याचा आरसा दिव्याच्या थोडा जवळ आणायचा, म्हणजे तो अधिक किरण पकडील. जास्त मिळत असेल तर मागे सारायचा. हा प्रकार बाजार समितीतल्या लिलावासारखाच आहे. जेथे मागणी भागली नाही तेथे बोली सुधारायची, जेथे जादा झाले तेथे आखडायची आणि सर्वांची मागणी नेमकी भागेपर्यंत थांबायचे नाही. लिलाव संपला की या हजार आरशांचे पुढे आलेले तुकडे मिळून जो एकच वेडावाकडा आरसा तयार होतो, तोच हवा असलेला परावर्तक. आरसा किती पुढे आणि किती मागे, हे अंतर म्हणजे छायाकिंमतच. तिने काच आणि प्लास्टिक यांचा देह धारण केलेला असतो इतकेच.

ही केवळ उपमा नाही. ग्लिम आणि ऑलिकर यांनी २००३ साली व वांग यांनी २००४ साली, दूरवर प्रकाश टाकणाऱ्या परावर्तकाचा प्रश्न हा शब्दशः मोंज-कांतोरोविच यांचा वाहतुकीचा प्रश्न आहे, असे गणिताने सिद्ध केले. वाहतुकीचा खर्च येथे रुपयांत नसतो. परावर्तनाच्या नियमातून त्याचे सूत्र निघते. गंमत म्हणजे येथे खर्च कमीत कमी केला तरी एक आरसा मिळतो आणि जास्तीत जास्त केला तरी दुसरा मिळतो, आणि दोन्ही रस्ता सारखाच उजळतात. व्यापाऱ्याला ही सोय नाही. त्याआधी १९८७ साली यान ब्रेनिए यांनी मातीच्या प्रश्नाला एका जुन्या अवकल समीकरणाशी जोडले होते. त्या समीकरणात मोंज यांच्याबरोबर अँपिअर यांचे नाव आहे, आणि हे अँपिअर म्हणजे विजेच्या प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव लाभले तेच. या समीकरणाच्या उत्तरांवर ज्यांनी मूलगामी काम केले त्या लुइस काफारेल्ली यांना २०२३ चे आबेल पारितोषिक मिळाले.

समीकरण हाती आले म्हणजे भिंग हाती आले असे नाही. ते कागदावर सुटत नाही. बारीक जाळी कल्पून, तिच्या प्रत्येक गाठीवर उत्तराचा अंदाज घेऊन आणि चूक टप्प्याटप्प्याने कमी करीत ते संगणकाकडून सोडवून घ्यावे लागते. या कामाचे एक महत्त्वाचे केंद्र नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथे आहे. फिलिप्स कंपनीने १८९१ साली दिव्यांचा कारखाना काढला तो याच गावी. तिचा दिव्यांचा व्यवसाय पुढे निराळा होऊन २०१८ पासून सिग्निफाय या नावाने चालतो. तेथील तांत्रिक विद्यापीठाच्या गणित विभागात हा उद्योग आणि गणितज्ञ वर्षानुवर्षे एकत्र बसून या समीकरणांच्या संगणकीय पद्धती घडवीत आले आहेत. पूर्वी अभियंत्याचे दिवसच्या दिवस खाणारे काम या पद्धतींनी साध्या संगणकावर मिनिटांत होऊ शकते. अडचणी संपल्या आहेत असेही नाही. हे गणित दिव्याला बिंदू मानून चालते; एलईडीच्या चकतीला मात्र रुंदी असते आणि त्यामुळे कडा पुसट होतात. म्हणून गणिताने काढलेला आकार शेवटी किरण सोडून तपासावाच लागतो. शिवाय चालकाला दिसतो तो रस्त्यावर पडलेला नव्हे, रस्त्याने परत फेकलेला प्रकाश. डांबरी आणि सिमेंटचा रस्ता तो सारखा फेकत नाहीत.

निविदेतला कोरा रकाना

यावर आक्षेप येईल की, लहानशा नगरपालिकेच्या विद्युत विभागाला हे समीकरण कशाला सांगता? सांगायचे कारण नाहीच. तांदूळ घेणाऱ्याला शेतीशास्त्र यावे लागत नाही. तो वजन आणि प्रत पाहतो. दिव्याच्या बाबतीत प्रत पाहण्याची सोय अनेक वर्षांपासून आहे. कोणत्या कोनात किती प्रकाश जातो याचे प्रयोगशाळेत मोजलेले कोष्टक उत्पादक देऊ शकतो, आणि ते कोष्टक, खांबाची उंची, खांबांमधील अंतर व रस्त्याची रुंदी एवढे घातले की रस्त्यावरचा प्रकाश आधीच कळतो. अमेरिकेत रस्त्याच्या रुंदीशी मेळ घालण्यासाठी प्रकाशाच्या पसरणीचे पाच प्रकार ठरवलेले आहेत. जेथे निविदेत फक्त वॅट आणि दर पाहून सर्वांत कमी बोलीला काम दिले जाते, तेथे मोजलेले कोष्टक देणारा आणि कसलेही भिंग चिकटवणारा हे दोन पुरवठादार कागदावर सारखे ठरतात. मग दुसरा जिंकणार, हे सांगायला अर्थशास्त्र नको.

आपल्याकडचे काम आणखी नाजूक आहे, कारण जुने खांब तसेच ठेवून त्यांवर नवे दिवे बसवले गेले. खांबांची अंतरे सोडियमच्या काळात ठरलेली. अशा ठिकाणी भिंगानेच जुळवून घ्यायला हवे, आणि एकच भिंग अरुंद गल्लीला व रुंद हमरस्त्याला पुरे पडणार नाही. घाऊक खरेदीला याने बाध येतो हे म्हणणेही टिकत नाही. भिंगाच्या साच्याचा आणि त्यामागच्या आकडेमोडीचा खर्च एकदाच होतो. त्यानंतर चांगल्या आकाराच्या भिंगाला वाईट आकाराच्या भिंगापेक्षा जास्त प्लास्टिक लागत नाही. एका भिंगाऐवजी पाच भिंगे कोटींच्या संख्येने मागवली तर किमतीत पडणारा फरक क्षुल्लक राहील. जो खर्च एकदाच होतो आणि ज्याचा लाभ कितीही जणांनी घेतला तरी आटत नाही, तो सार्वजनिक पैशातून करणे शहाणपणाचे, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. तरीही आपल्या विद्यापीठांतील गणित विभाग आणि दिव्यांचे कारखाने यांची गाठ क्वचितच पडते. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत वाहतुकीचा प्रश्न शिकवला जातो, तो तीन कारखाने, चार गोदामे आणि वायव्य कोपऱ्याचा नियम एवढ्यावर संपतो. कांतोरोविच यांचे नाव घेतलेच तर पारितोषिकांच्या यादीत.

दुर्लक्षाची किंमत वर आकाशातही दिसते. ‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जगभरच्या ५० हजारांहून अधिक सामान्य निरीक्षकांच्या नोंदी पाहिल्या. २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश सरासरीने दरसाल साडेनऊ टक्क्यांच्या आसपास उजळत गेले, असे त्यातून निघाले. कोळसा काटकसरीने जळू लागला की त्याचा खप वाढतो, हे जेव्हन्स यांनी १८६५ साली सांगितले होते. प्रकाश स्वस्त झाला तेव्हा तेच झाले. पण त्याला उपाय नाही असे नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी कडेच्या गावांतील शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. प्रकाश खाली आला.

एलईडी दिव्यांचे आयुष्य संपत येते तशी पुढील काही वर्षांत पहिल्या फेरीतील दिव्यांची दुसरी खरेदी होईल. त्या निविदेत तीन गोष्टी घालणे अवघड नाही. उत्पादकाने प्रकाशाच्या पसरणीचे मोजलेले कोष्टक द्यावे. प्रत्येक रस्त्यासाठी सरासरीबरोबरच सर्वांत अंधाऱ्या जागेचा आकडा आधी लिहून द्यावा. आणि देयकाचा शेवटचा हप्ता, दिवे बसल्यावर रात्री प्रत्यक्ष मोजणी होईपर्यंत राखून ठेवावा. लक्समापक काही हजार रुपयांत मिळतो. गावातल्या महाविद्यालयाचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी एका रात्रीत दोन-तीन रस्ते मोजू शकतील. मोजणीची सुरुवात दोन खांबांच्या मधल्या जागेपासून करावी, आणि भिंगावर धूळ बसल्यानंतर, वर्षभराने, ती पुन्हा करावी.